मामाचा रोबोट परत आला होता का?



सिनॉप्सिसची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "मुलाखती घ्यायच्या आहेत, पण लोक चुकीचं सांगतात. चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला नीट आठवतं? मग अशी मुलाखत प्रबंधात घ्यायची की सोडून द्यायची?"

आज याचं उत्तर माझ्याच एका फसलेल्या मुलाखतीवरून देते. चूक माझी होती आणि ती पूर्ण सुधारता आलेली नाही. तुम्ही ती करू नये म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९८० च्या दशकातलं पुणं टीव्ही कसं बघायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. त्यातलं एक प्रकरण मुलांच्या कार्यक्रमांवर आहे, आणि त्या प्रकरणात एक जपानी रोबोट आहे.

आधी रोबोटची ओळख

तुमच्या घरात आज पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं कुणी असेल, तर त्यांना फक्त "जायंट रोबोट" एवढं म्हणून बघा. बरेच जण लगेच मनगट तोंडाजवळ नेतील. कारण मालिकेतला मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून एका अवाढव्य रोबोटला हुकूम सोडायचा, आणि तो रोबोट उडत येऊन राक्षसांशी लढायचा.

ही मालिका आपल्यापर्यंत तीन टप्प्यांत आली. ते टप्पे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिला टप्पा जपान. मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून तोएई कंपनीने ही मालिका बनवली. ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळात तिचे २६ भाग जपानी टीव्हीवर लागले. त्याच्या वर्षभर आधी, जुलै १९६६ मध्ये, एइजी त्सुबुराया यांच्या कंपनीची 'अल्ट्रामॅन' सुरू झाली होती आणि दर आठवड्याला एक नवा अजस्र प्राणी हे सूत्र जपानी मुलांच्या अंगवळणी पडलं होतं. या प्रकाराला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात. रबरी पोशाखात माणूस, पायाखाली छोट्या प्रतिकृतींचं शहर आणि नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवलेला कॅमेरा. ते चित्रण साध्या वेगाने दाखवलं की हालचाल संथ होते आणि पोशाखातला माणूस हजारो टनांचा वाटायला लागतो. युक्ती एवढीच, पण आठ वर्षांच्या मुलाला ती पुरते.

दुसरा टप्पा अमेरिका. १९६९ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मालिकेवर इंग्रजी आवाज चढवला आणि नाव दिलं 'जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबोट'. मूळचा दाइसाकू कुसामा झाला जॉनी सोको. त्याचा सोबती जूरो मिनामी झाला जेरी मानो. चेहरे जपानी, रस्ते जपानी, दुकानांवरच्या पाट्यासुद्धा जपानी, पण बोलणं सगळं अमेरिकन.

तिसरा टप्पा आपला. १९८० च्या दशकात ही इंग्रजी आवृत्ती दूरदर्शनवर लागली.

आता त्या वेळच्या पुण्याचा टीव्ही डोळ्यांसमोर आणा. दिल्लीत दूरदर्शन १९५९ मध्ये सुरू झालं, मुंबईत १९७२ मध्ये, आणि १९७३ पासून मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दिसायला लागले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, पण म्हणून घराघरांतले संच रात्रीत रंगीत झाले नाहीत. केबल नव्हती. जे लागेल ते सगळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्यावर बोलायचं.

ती मुलाखत

माझ्या पहिल्याच मुलाखतीला मी निवडला माझा सख्खा मामा. घरचा माणूस, वेळ मागावा लागणार नाही, चहा वर मिळेल, असा हिशोब. (हाही धडा आहे. पहिली मुलाखत जवळच्या माणसाची घेतली तरी संमतीपत्र, रेकॉर्डर, प्रश्नावली सगळं परक्याइतकंच नीट करा. मी केलं नाही.)

मामा सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढला. सोळा बिऱ्हाडं आणि एक टीव्ही, तोही मालकांकडे. लाकडी शटरचा. कौलांवर सिंहगडाकडे तोंड करून अँटेना. मालकांच्या आजी शटर उघडायच्या तेव्हा मुलं चपला बाहेर काढून, फरशीवर मांडी घालून आधीच बसलेली असायची. हे सगळं मामा फार छान सांगत होता. मग आम्ही रोबोटवर आलो. त्याची चार विधानं मी वहीत अशी लिहून घेतली:

१. मालिका ब्लॅक अँड व्हाइट होती.
२. मालिका अमेरिकन होती.
३. रोबोटला फक्त इंग्रजी कळायचं.
४. शेवटी रोबोट मरतो, पण पुढच्या आठवड्यात परत येतो.

मी आदल्याच आठवड्यात मालिकेचे सगळे भाग बघून टिपणं काढली होती. म्हणजे अंगात विद्वत्ता नुसती फसफसत होती. चौथ्या विधानाला मला राहवलं नाही.

"मामा, नाही रे. शेवटच्या भागात तो खलनायकाला घेऊन अवकाशात जातो आणि एका लघुग्रहावर आदळतो. संपतो तो. परत येतच नाही. आणि मालिका अमेरिकन नाही, जपानी होती. रंगीत होती."

मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "असेल बुवा. तू अभ्यास केलायस, तुलाच माहीत."

त्यानंतरच्या वीस मिनिटांत त्याने प्रत्येक उत्तराच्या शेवटी "बरोबर आहे ना गं?" जोडलं. वाड्याबद्दल, आजींबद्दल, शाळेबद्दलसुद्धा. स्वतःच्याच बालपणाबद्दल तो माझी परवानगी घेत होता. मी रेकॉर्डर बंद केला आणि घरी येऊन फाइलला नाव दिलं: 'मामा – अविश्वसनीय'.

गाइड मॅडमनी काय केलं

माझ्या गाइड मॅडमना मी सांगितलं की मुलाखत वापरण्यासारखी नाही, चारपैकी चार विधानं चुकीची आहेत. त्यांनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिला, माणूस काय सांगतो. दुसरा, नोंद काय सांगते. तिसरा, फरक कुठून आला असेल.

"तू दुसऱ्या रकान्यावर थांबलीस," त्या म्हणाल्या. "दुसरा रकाना मालिकेचा इतिहास आहे. तो कुणीही लिहील. तुझा विषय प्रेक्षक आहे ना? मग तुझा प्रबंध तिसऱ्या रकान्यात आहे."

मग त्यांनी मला अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा इटालियन अभ्यासक वाचायला दिला. मौखिक इतिहासात काम करणार असाल तर हे नाव तुम्हालाही टाळता येणार नाही. तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. तारीख १७ मार्च १९४९, आणि निदर्शनं होती इटलीच्या नाटो-प्रवेशाविरुद्ध. पण पोर्तेल्ली यांनी अनेक वर्षांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा कित्येक जणांनी हा मृत्यू १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात झाला असं सांगितलं.

एक-दोघं चुकले तर विसरले म्हणता येईल. एवढे जण एकाच दिशेने कसे चुकतात? पोर्तेल्ली यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९४९ मध्ये सहकारी मारला गेला आणि गावाला त्याला साजेसा प्रतिकार करता आला नाही. १९५३ मध्ये मात्र लोक रस्त्यावर उतरून लढले. स्मृतीने तो मृत्यू उचलून जिथे शोभतो तिथे नेऊन ठेवला. तारीख चुकली, पण त्या चुकीने गावाला काय बोचत होतं ते सांगितलं.

आता मामाच्या चार चुका पुन्हा बघू

पहिली, ब्लॅक अँड व्हाइट. मालिका रंगीत होती, पण मालकांचा टीव्ही रंगीत नव्हता. म्हणजे मामा चुकलेलाच नाही! त्याने जे बघितलं तेच सांगितलं. मी मालिकेबद्दल बोलत होते आणि तो त्या खोलीतल्या पडद्याबद्दल. माझ्या प्रबंधासाठी तर त्याचंच उत्तर जास्त उपयोगाचं.

दुसरी, अमेरिकन. इथे दुसऱ्या टप्प्याकडे बघा. वाड्यातल्या मुलाने जपानी आवाज ऐकलाच नाही. नावं जॉनी आणि जेरी, बोलणं इंग्रजी. चेहरे जपानी होते हे डोळ्यांना दिसत होतं, पण कानांनी बाजी मारली. परदेशी आणि इंग्रजी बोलणारं म्हणजे अमेरिकन किंवा फार तर इंग्लंडचं, असा सरळ हिशोब. डबिंग प्रेक्षकासाठी कार्यक्रमाचा देश कसा बदलून टाकतं, याचा हा पुरावा झाला.

इथेच एक इशारा देऊन ठेवते. जपानी राक्षसपटांवर जे लेखन तुम्ही वाचाल त्यात अणुबाँबचा संदर्भ हमखास येईल, आणि तो योग्यही आहे. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बाँब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गॉड्झिला' प्रदर्शित झाला. जायंट रोबोटलासुद्धा अणुस्फोटातूनच शक्ती मिळते. पण म्हणून "पुण्यातल्या मुलांनी रोबोटमध्ये अणुयुगाची भीती पाहिली" असं वाक्य लिहायला गेलात, तर त्याला आधार काय? टोकियोतल्या प्रेक्षकाचा अर्थ सदाशिव पेठेत आपोआप पोचत नाही. पोचला असेल तर तो दाखवावा लागतो. लिटरेचर रिव्ह्यूमधला अर्थ उचलून स्वतःच्या प्रेक्षकांच्या तोंडी घालणं, ही चूक सिनॉप्सिसमध्ये फार होते.

तिसरी, रोबोटला फक्त इंग्रजी कळतं. मालिकेत काय आहे? रोबोट फक्त जॉनीच्या आवाजाचं ऐकतो, कारण त्याचा आवाज आधी नोंदला गेलेला असतो. मामाने 'आवाज' काढून तिथे 'भाषा' ठेवली. मराठी माध्यमातल्या, एबीसीडीही अजून शाळेत न भेटलेल्या मुलाने. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं गमतीशीर वाटलं होतं.

चौथी, रोबोट परत आला. इथे खरा गुंता आहे, कारण या फरकाची निदान तीन कारणं असू शकतात:

एक, मालिका पुन्हा दाखवली गेली असेल किंवा भाग मागेपुढे लागले असतील. दुसरं, वाड्यातल्या कुणीतरी पुढची गोष्ट रचून सांगितली असेल. तिसरं, टीव्हीवर नाही, पण मुलांच्या खेळात रोबोट परत आला असेल.

तिन्ही शक्यता ऐकायला सारख्याच छान वाटतात. संशोधन सुरू होतं ते यानंतर, प्रत्येक शक्यतेला कोणता पुरावा लागेल हे वेगवेगळं लिहून काढल्यावर. पहिलीला लागतात त्या काळच्या वृत्तपत्रांत छापलेले दूरदर्शनचे कार्यक्रम. दुसरीला लागतात त्याच वाड्यातले आणखी साक्षीदार, आणि तेही वेगवेगळे बसवून, एकत्र गप्पा मारत नव्हे. तिसरीला लागतो खेळाबद्दलचा प्रश्न, जो मी मामाला विचारलाच नव्हता.

नोंदी कुठे मिळतात आणि काय मिळत नाही

पुण्यात असल्याचा आपल्याला मोठा फायदा आहे. एफटीआयआय इथे आहे, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे आहे. पण संग्रहालय मुळात चित्रपटांचं. टीव्हीचं दुखणं निराळं आहे. जगभरच टीव्ही ही जपून ठेवायची गोष्ट आहे असं सुरुवातीला कुणाला वाटलं नाही. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घ्यायचं. बीबीसीसारख्या संस्थेनेही 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले.

आपल्या रोबोटचे २६ भाग शिल्लक आहेत. पण इथे एक फरक समजून घ्या. कार्यक्रम वेगळा आणि प्रक्षेपण वेगळं. भाग आज बघता येतात. त्याआधी निवेदिका काय म्हणाली, मध्येच 'व्यत्यय'ची पाटी किती वेळ राहिली, त्यानंतर लगेच काय लागलं, हे त्या भागांत नाही. ते वृत्तपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींत आणि माणसांच्या डोक्यात आहे. म्हणून जुन्या अंकांच्या बांधीव फायली चाळायच्या असतात. धूळ बसते, तीन तासांत एखादी ओळ हाती लागते. तारीख, पान, छापलेली वेळ आणि कार्यक्रमाचं नाव जसंच्या तसं उतरवा. छापलेला कार्यक्रम प्रत्यक्षात लागलाच असेल असं नाही, हेही टिपणात लिहून ठेवा.

मी परत गेले तेव्हा

तीन आठवड्यांनी मी मामाकडे पुन्हा गेले. या वेळी संमतीपत्र घेऊन. ठरवलं होतं की फक्त ऐकायचं.

मी काही विचारण्याआधी मामाच म्हणाला, "अगं, तुझं बरोबर होतं. तू गेल्यावर मी मोबाइलवर शोधून शेवटचा भाग बघितला. मरतो तो. नाही येत परत. मला कसं काय आठवत होतं कुणास ठाऊक!"

माझ्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात जो रोबोट परत येत होता, तो मी तीन आठवड्यांत पुसून टाकला होता. आता त्या आठवणीबद्दल त्याला काहीही विचारलं तरी उत्तर मोबाइलमधून येणार. जुन्या आठवणीचा एकमेव पुरावा म्हणजे पहिल्या रेकॉर्डिंगमधली ती पंधरा-वीस सेकंदं, मी मध्ये तोंड घालायच्या आधीची. ज्या फाइलला मी 'अविश्वसनीय' असं नाव दिलं होतं ती.

मग मी मालिका सोडून दिली आणि विचारलं, "मामा, तुम्ही खेळायचात का रोबोट-रोबोट?"

"म्हणजे काय! रोज. बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचो."

"जॉनी कोण व्हायचं?"

"मालकांचा नातू. तो इंग्लिश मीडियमला होता ना. त्यालाच ते हुकूम बोलता यायचे. आम्ही आपलं खोटं खोटं टिश-टुश करायचो, तर तो म्हणायचा, रोबोटला नाही कळत हे."

"आणि तू?"

"मी कायम रोबोट. रोबोटला बोलावं लागत नाही."

मी काहीच बोलले नाही. तोच पुढे म्हणाला, "रोज मरायचो आणि दुसऱ्या दिवशी परत. मी मेलो तर खेळणार कोण?"

आता तिसऱ्या आणि चौथ्या विधानाकडे पुन्हा बघा. रोबोटला फक्त इंग्रजी कळतं, हा वाड्यातल्या खेळाचा नियम होता. टीव्ही ज्यांचा, इंग्रजी ज्यांचं, हुकूमही त्यांचा. आणि परत येणारा रोबोट बहुधा वाड्याच्या चौकातला होता. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. वृत्तपत्रांच्या फायली अजून चाळून व्हायच्या आहेत आणि वाड्यातल्या बाकीच्या मुलांशी बोलायचं आहे. मालकांच्या नातवाशी तर नक्कीच. त्याला हा खेळ कसा आठवतो?

लगेच हुरळून जाऊ नका

हे वाचून कुणाला वाटेल की चला, मग चुकीचंच खरं! तसं नाही. काही चुका या नुसत्या चुका असतात. शेजारच्याचं नाव विसरणं, दोन मालिकांची सरमिसळ होणं, यात दर वेळी खोल अर्थ शोधायचा नसतो. चूक अर्थपूर्ण आहे असं म्हणायचं तर ती इतरांकडेही दिसली पाहिजे किंवा त्या माणसाच्या बाकीच्या सांगण्याशी जुळली पाहिजे. आणि दुसरा रकाना कधीही वगळायचा नाही. मालिका जपानी होती हे माझ्या प्रबंधात स्पष्ट लिहिलेलं असेल. नोंद पक्की असेल तरच फरक मोजता येतो. शिवाय एक मामा म्हणजे पुणं नव्हे. सोळा बिऱ्हाडांचा एक वाडासुद्धा पुणं नव्हे.

माझा प्रश्न मात्र बदलला. सुरुवातीला मी लिहिलं होतं, "दूरदर्शनवरील जपानी मालिकांचा अभ्यास". हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मग झालं, "जायंट रोबोटचा पुण्यातील मुलांवर परिणाम". याचं उत्तर कसं देणार, परिणाम मोजणार कशाने? आता आहे तो असा: "एकच टीव्ही असलेल्या वाड्यांमध्ये इंग्रजीतून आलेली मालिका मराठी माध्यमातली मुलं खेळात कशी उतरवत, आणि त्या खेळात कुणाच्या वाट्याला काय येई?" याला साक्षीदार शोधता येतात, नोंदी शोधता येतात, आणि उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे कळूही शकतं.

या आठवड्यात करून बघा

घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला लहानपणी बघितलेल्या एका कार्यक्रमाबद्दल विचारा. अर्धा तास. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. तो कार्यक्रम तुम्ही आधी बघितला असेल तर माहिती स्वतःजवळ ठेवा. चुकीचं वाटलं तर वहीत फुली मारा, तोंडाने नको. 'आठवतं का' यापेक्षा 'कुठे बसायचात', 'कोण सोबत असायचं', 'दुसऱ्या दिवशी काय करायचात' असे प्रश्न विचारा.

घरी आल्यावर तीन रकाने आखा. पहिला त्यांच्या शब्दांत, दुसरा नोंदीवरून. तिसरा लगेच भरायची घाई करू नका, त्यात निदान दोन शक्यता सुचेपर्यंत थांबा. आणि काहीही झालं तरी पहिलं रेकॉर्डिंग पुसू नका.

पुढच्या लेखात संमतीपत्र मराठीत कसं लिहायचं ते बघू. घरच्या माणसासाठीसुद्धा.